विश्लेषण : मागेल त्याला काम की सर्वांना सरसकट रोख? वि. स. पागे यांच्या आयुष्यातून खान्देशाला काय उत्तर मिळते?

जळगावच्या बँकेतील कारकून असो की धुळ्याच्या शाळेतील शिक्षक, दरमहा सॅलरी स्लिपवर २०० रुपयांची एक कपात दिसते. फेब्रुवारीत ती ३०० रुपये होते आणि वर्षाला एकूण २,५०० रुपये जातात. ‘पी. टी.’ म्हणून ओळखला जाणारा हा व्यवसाय कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला. साक्री किंवा शिंदखेड्याच्या माळावर काम मागायला येणाऱ्या मजुराची मजुरी शहरातील पगारदाराने उचलावी, हा त्यामागचा विचार होता. ज्या योजनेसाठी हा कर लागला ती रोजगार हमी योजना आणि तिचे जनक वि. स. पागे. आज अनुदाने, धान्य आणि रोजगाराच्या योजना बंद करून प्रत्येकाच्या खात्यात ठरावीक रक्कम टाकावी, अशी सूचना देशात आणि जगात होत असते. त्याला ‘सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न’ म्हणतात. पागे यांनी अर्ध्या शतकापूर्वी याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले होते. ते उत्तर काय होते, खान्देशात त्याने काय बदलले आणि आज ते कितपत लागू पडते?

वि. स. पागे कोण होते?

विठ्ठल सखाराम पागे यांचा जन्म २१ जुलै १९१० रोजी झाला. आजच्या सांगली जिल्ह्यातील हा माणूस. शिक्षण कायद्याचे, संस्कार गांधीविचाराचे. स्वातंत्र्य चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि १९७८ पर्यंत, म्हणजे सुमारे १८ वर्षे, त्या पदावर राहिले.

सभापतीचे पद मानाचे असले तरी त्याच्या हाती खाते नसते, निधी नसतो, सभागृहातील वादात बाजू घेण्याची मुभाही नसते. राज्याच्या सर्वांत मोठ्या ग्रामीण योजनेचा आराखडा अशा पदावरील माणसाकडून आला, ही महाराष्ट्राच्या राजकारणातील वेगळी गोष्ट आहे. पागे यांनी ती मंत्री म्हणून राबवली नाही. त्यांनी ती आधी आपल्या भागात करून पाहिली, कागदावर मांडली आणि मग मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या गळी उतरवली.

शरीरश्रमाला प्रतिष्ठा हा गांधी-विनोबांच्या विचाराचा गाभा. विनोबांची गीतेवरील प्रवचने १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे खान्देशात सर्वांना ठाऊक आहे. पागे त्याच परंपरेतील. मात्र त्यांनी श्रमाचा उपदेश केला नाही. श्रम करायला तयार असलेल्याला काम मिळत नसेल तर दोष कुणाचा, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि तो दोष सरकारच्या खात्यावर मांडला.

त्याआधी दुष्काळात मजुराला काय मिळत असे?

इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात दुष्काळ संहिता होती. पीक बुडाले की अधिकारी आधी चाचणीपुरती कामे काढत. त्यावर किती लोक येतात ते पाहून दुष्काळ जाहीर करायचा की नाही हे ठरे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात खान्देशही होरपळला. तेव्हा हा एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम खान्देश असे दोन भाग १९०६ मध्ये झाले. लोक खडी फोडायला, रस्ते-तलावांच्या कामावर जात. पण काम काढायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार साहेबाचा. मजुराचा त्यावर हक्क नव्हता.

दुसरा मार्ग शेतसारा माफीचा. पूर्व खान्देशात ओला दुष्काळ पडला तेव्हा साने गुरुजींनी सारा माफ व्हावा म्हणून सभा घेतल्या, कलेक्टर कचेरीवर मोर्चे नेले. ती मागणी रास्तच होती. पण सारा माफ होतो तो जमीन असलेल्याचा. भूमिहीन मजूर, सालदार आणि सातपुड्याच्या पायथ्याचा भिल्ल किंवा पावरा यांच्या नावावर साराच नव्हता. माफ तरी काय होणार? पागे यांची योजना नेमकी या माणसापासून सुरू झाली.

तासगावपासून मंत्रालयापर्यंत योजना कशी पोहोचली?

१९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात पागे यांच्या कल्पनेतून प्रयोग सुरू झाला. कल्पना साधी होती. गावात बांधबंदिस्ती, विहिरी, रस्ते अशी करण्याजोगी कामे पडून आहेत आणि त्याच गावात रिकामे हात आहेत. दोघांची गाठ घातली तर मजुराला मजुरी मिळते आणि गावाला कायमची मत्ता. दुष्काळ पडण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कोरडवाहू गावात दरवर्षी सुगीनंतर एक छोटा दुष्काळ येतोच. फक्त तो जाहीर होत नाही.

खान्देशातील वाचकाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. कापसाची वेचणी संपली की कोरडवाहू गावात होळीनंतर हाताला काम नसते, ते थेट पेरणीपर्यंत. साक्री, नवापूर भागातील कुटुंबे तर दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घेऊन बारडोली पट्ट्यातील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला जात आली आहेत. उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही.

१९६९ मध्ये वसंतराव नाईक सरकारच्या १५ कलमी कार्यक्रमात या कल्पनेला जागा मिळाली आणि काही जिल्ह्यांत ती सुरू झाली. १ मे १९७२ रोजी योजना राज्यभर लागू झाली. त्याच सुमारास पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी देशातील दारिद्र्यावरच्या त्यांच्या गाजलेल्या अभ्यासात ग्रामीण कामांद्वारे रोजगार देण्याचा मार्ग मांडला होता. म्हणजे विचार हवेत होता, पण त्याला सरकारी योजनेचे रूप देण्याचे श्रेय पागे यांचे.

१९७२ च्या दुष्काळाने काय शिकवले?

योजना जाहीर झाली आणि लगेच राज्यावर १९७२-७३ चा दुष्काळ कोसळला. रोजगार हमी बाजूला राहिली आणि सरकारने दुष्काळी कामे काढली. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे ५० लाख लोक या कामांवर होते. लाल मिलो, सुकडी आणि खडी फोडण्याच्या आठवणी खान्देशच्या जुन्या पिढीत आजही ताज्या आहेत.

या अनुभवातून दोन गोष्टी कळल्या. एक, एवढ्या प्रचंड संख्येने कामे काढणे महाराष्ट्राच्या प्रशासनाला जमते. दोन, लोक फुकट खायला टेकलेले नाहीत. काम दिले तर रणरणत्या उन्हात बायाबापड्या मैलोन्‌मैल चालत येतात. गरिबाला पैसे दिले तर तो आळशी होईल आणि काम दिले तर येणार नाही, असे दोन्ही आक्षेप तेव्हाही होते. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर १९७३ च्या उन्हाळ्याने दिले. पागे यांच्या योजनेचे पुढचे पाऊल त्यामुळे सोपे झाले.

योजनेसाठी पैसा आला कुठून?

चांगल्या योजना निधीवाचून मरतात. म्हणून या योजनेला स्वतःचा निधी देण्यात आला. १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला. त्याच्या जोडीला बागायती जमिनीवर आणि शहरांतील दुकाने, कार्यालये अशा बिगरनिवासी मालमत्तांवर रोजगार हमी उपकर आला. जळगावातील दुकानदाराच्या घरपट्टीच्या बिलात ‘रोजगार हमी कर’ अशी ओळ येते ती याचमुळे. या करांतून जेवढी रक्कम जमेल तेवढीच सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी, अशीही तरतूद झाली.

याचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. रावेर-यावलच्या केळी बागायतदाराने, जळगावच्या व्यापाऱ्याने आणि धुळ्याच्या नोकरदाराने कोरडवाहू गावातील मजुराचा भार उचलायचा. योजनेचे ओझे नेमके कुणावर आहे हे पावतीवर छापलेले होते. आज मूलभूत उत्पन्नाच्या चर्चेत रक्कम किती यावर तासन्‌तास वाद होतो. ती कोण देणार, हा प्रश्न मागे राहतो. पागे यांच्या काळात महाराष्ट्राने कर आधी लावला आणि हमीचा कायदा त्यानंतर केला.

कायद्यात असे काय होते?

१९७७ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी रोजगार हमी कायदा एकमताने मंजूर केला. परिषदेच्या सभापतिपदी तेव्हा पागेच होते. राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागण्याला कायद्याने हक्काचे रूप देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले.

कायद्याचे मर्म थोडक्यात असे : ग्रामीण भागातील किंवा ‘क’ वर्ग नगरपालिका क्षेत्रातील कोणाही प्रौढाने अंगमेहनतीचे काम मागितले तर १५ दिवसांत ते दिले पाहिजे. नाही दिले तर बेकारभत्ता. कामावर ठेकेदार नको. खर्चातील किमान ६० टक्के वाटा अकुशल मजुरीचा. स्त्री-पुरुषांना समान दर. कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी, सावली, लहान मुलांसाठी पाळणाघर.

या यादीत एक गोष्ट नाही, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. लाभार्थ्यांची यादी नाही. जात, उत्पन्नाचा दाखला, दारिद्र्यरेषेचा क्रमांक, पुढाऱ्याची शिफारस यांपैकी काहीच लागत नव्हते. कुदळ-पाटी उचलायची तयारी हीच पात्रता. ज्याला गरज नाही तो दिवसभर उन्हात माती उपसायला येणार नाही, म्हणून तो आपोआप बाहेर राहतो. केळी आणि कापसाला मजूर लागतो त्या दिवसांत त्या पट्ट्यातील माणूस हमीच्या कामाकडे फिरकत नाही. काम संपले की येतो. गरिबाला शोधत बसण्याऐवजी गरिबालाच ठरवू द्यायचे, ही पागे यांच्या योजनेची किल्ली होती.

खान्देशात त्याने काय बदलले?

तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात आजचा नंदुरबारही होता. तो १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. शहादा-तळोद्याच्या सुपीक पट्ट्यात आदिवासी मोठ्या संख्येने सालदार होते. सालाच्या बोलीवर मालकाकडे राबायचे, अडीअडचणीला आगाऊ रक्कम घ्यायची आणि ती फेडण्यासाठी पुढचे साल पुन्हा तिथेच. गेलेल्या जमिनी आणि तुटपुंजी मजुरी यांविरुद्ध अंबरसिंग सुरतवंती यांनी आदिवासींना उभे केले. १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. अंबरसिंग यांचे १९७४ मध्ये तरुण वयातच निधन झाले. संघटनेचा लढा मात्र चालू राहिला. सालदाराची मजुरी, जमिनी परत मिळणे आणि सरकारी कामे निघणे या तिन्ही मागण्या त्यात होत्या.

इथे पागे यांचे आणखी एक काम जोडले जाते. शेतमजुरांच्या किमान वेतनासाठी सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्षही तेच होते. १९७० च्या दशकात शेतमजुरीचे किमान दर ठरले, त्यामागे या समितीचा अहवाल होता. पण कागदावरचा दर मालक देत नसेल तर मजूर काय करणार? तो काम नाकारू शकला तरच दराला अर्थ येतो, आणि नाकारण्यासाठी दुसरीकडे काम हवे. हमीच्या कामाने ही दुसरी जागा तयार केली. नालाबांध, पाझर तलाव, रस्ता यांपैकी काहीतरी जवळपास सुरू असले की मालकाशी बोलताना मजुराचा आवाज बदलत असे. हंगामात माणसे मिळत नाहीत ही बागायतदारांची तक्रार तेव्हापासूनची. मजुराच्या बाजूने पाहिले तर ती तक्रार म्हणजे योजना लागू पडल्याची खूणच होती.

दुसरा बदल स्त्रियांच्या बाबतीत झाला. घराजवळ काम, पुरुषाइतकाच दर आणि हजेरीपटावर स्वतःचे नाव. ज्या बाईची कमाई आजवर नवऱ्याच्या मजुरीत धरली जायची, तिला ती स्वतःच्या अंगठ्यावर मिळू लागली. राज्यभर या कामांवर स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय राहिले.

योजना कुठे अडखळली?

पागे यांच्या हयातीतच योजनेच्या उणिवा दिसू लागल्या होत्या. हजेरीपटावर खोटी नावे, मोजमापात कपात, आठवड्याची मजुरी महिन्याने, अर्धवट सोडलेले बांध आणि पहिल्या पावसात वाहून गेलेले रस्ते, या तक्रारी सर्वत्र होत्या. ठेकेदार कायद्याने बाहेर, पण मागच्या दाराने आत, असेही घडले. बेकारभत्ता मुळात दिवसाला अवघा १ रुपया आणि तोही क्वचितच दिला गेला.

१९८८ मध्ये हमीच्या कामाचा दर किमान वेतनाशी जुळवण्यात आला आणि तो जवळपास दुप्पट झाला. मजुराच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट. पण त्यानंतर कामे पूर्वीइतकी निघेनात. मागेल त्याला काम ही हमी प्रत्यक्षात असेल तेवढे काम अशी झाली, असे अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासातून दिसले. पुढे व्यवसाय कराची वसुली वाढत गेली आणि योजनेवरचा खर्च मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. कर राहिला, पण तो ज्याच्यासाठी लावला तो मजूर मागे पडला.

शिवाय एक मूळचीच मर्यादा होती. जो कुदळ उचलू शकत नाही त्याला या योजनेत काहीच नाही. म्हातारा, आजारी, अपंग, बाळंतीण यांना कामाची हमी देऊन उपयोग नसतो. रोखीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा सर्वांत खरा मुद्दा आहे.

मग सरसकट रोख दिली तर?

सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नाची कल्पना अशी : प्रत्येक नागरिकाला, कोणतीही अट न घालता, ठरावीक काळाने ठरावीक रक्कम. यादी नाही, दाखला नाही, साहेबाची मर्जी नाही. म्हणजे पागे यांच्या योजनेचा अर्धा भाग, कामाची अट काढून. केंद्राच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालाने यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. माणशी वर्षाला ७,६२० रुपये ७५ टक्के लोकसंख्येला दिले तर देशाच्या सकल उत्पन्नाच्या ४.९ टक्के खर्च येईल, असा त्यातला हिशेब होता. महिन्याला ते ६३५ रुपये होतात. एवढा खर्च पेलायचा तर चालू योजना बंद कराव्या लागतील, ही चर्चा तिथूनच सुरू होते.

रोख दिल्याने लोक काम सोडतात का? सातपुड्यापलीकडे, मध्य प्रदेशात इंदूर भागातील गावांमध्ये २०११ नंतर ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या मदतीने प्रयोग केला. प्रौढाला आधी महिना २०० आणि नंतर ३०० रुपये देण्यात आले. लोकांनी काम सोडले नाही. उलट स्वतःच्या शेतीकडे आणि जनावरांकडे अधिक लक्ष दिले. अन्न, औषध आणि शाळा यांवरचा खर्च वाढला. खान्देशातील ऊसतोड कुटुंबाच्या दृष्टीने हे मोलाचे आहे. दिवाळीआधी हाती थोडी रोख असेल तर मुकादमाची उचल कमी घ्यावी लागते. पण या प्रयोगात रेशन किंवा रोजगार बंद केला नव्हता. रोख वरून दिली होती.

योजना काढून रोख दिली की काय होते, याची उदाहरणे वेगळी आहेत. इराणने २०१० मध्ये इंधनावरची सवलत कमी करून घरोघरी रोख सुरू केली. सुरुवातीला गरिबांना फायदा झाला, पण महागाई वाढत गेली आणि रक्कम तेवढीच राहिली. जवळचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मराठवाडा-विदर्भातील १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना स्वस्त धान्य मिळत असे. २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये सुरू झाले. पुढे ते १७० झाले. जळगावला लागून असलेला बुलढाणा या १४ जिल्ह्यांत आहे. धान्याचे पोते बाजारभावाने महाग झाले तरी पोत्यातले किलो तेवढेच राहतात. रोखीचे तसे नसते. ती वाढवायला दरवेळी सरकारी निर्णय लागतो.

‘लाडकी बहीण’ आणि हमीचे काम : हिशेब काय सांगतो?

महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून २१ ते ६५ वयाच्या महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी योजना आली. वर्षाचे १८,००० रुपये. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे ही रक्कम सुमारे ५८ दिवसांच्या मजुरीएवढी. आजारी बाईला, घरी लहान मूल असलेल्या बाईला ५८ दिवस न राबता ती मिळते, हे थोडे नाही.

पण ही योजना सार्वत्रिक नाही. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको, घरात सरकारी नोकरी नको. यादी आली की पडताळणी येते आणि पडताळणी आली की नावे गळतात. आज नाव आहे, उद्या नसेल, ही टांगती तलवार राहते. हमीच्या कायद्याने मजुराला काम मागण्याचा हक्क दिला होता. रोखीच्या योजनेत तो मिळेल ती रक्कम घेणारा राहतो. तीच रक्कम कायद्याने हक्क म्हणून मिळाली तर चित्र वेगळे असेल. पण आज तसा कायदा नाही.

आणखी एक फरक गावाच्या पातळीवर आहे. मजुरी संपते, पण पाझर तलाव उरतो. त्याच्या खालच्या विहिरींना पाणी टिकते आणि कोरडवाहू शेतकऱ्याला रब्बीचे एखादे पीक निघते. रोख ज्याच्या हाती पडली त्याच्यापुरती राहते. बांध शेजाऱ्यालाही उपयोगी पडतो. अर्थात बांध नीट बांधला असेल तर.

राज्यघटना काय म्हणते?

हा वाद घटनेच्या कलम ४१ पाशी आणून पाहिला तर बराच सुटतो. राज्याने आपल्या कुवतीनुसार काम मिळण्याचा हक्क उपलब्ध करावा, तसेच बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्व यांत सरकारी साहाय्य मिळण्याची तरतूद करावी, असे हे मार्गदर्शक तत्त्व सांगते. काम आणि साहाय्य, दोन्ही एकाच वाक्यात आहेत. पागे यांच्या योजनेने पहिला भाग उचलला. दुसऱ्या भागासाठी १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली; २०२३ मध्ये तिची रक्कम महिना १,५०० रुपये झाली. धडधाकट माणसाला काम आणि न राबू शकणाऱ्याला रोख, अशी ही जोडी. एक काढून दुसरे द्यायचे म्हटले की कोणीतरी सुटतोच. काम काढले तर सालदाराची सौदाशक्ती जाते. रोख काढली तर म्हातारी उपाशी राहते.

पागे यांच्यानंतर काय झाले?

वि. स. पागे यांचे १६ मार्च १९९० रोजी निधन झाले. त्यांच्या हयातीत ही योजना महाराष्ट्रापुरतीच राहिली. २००५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. २ फेब्रुवारी २००६ रोजी देशातील पहिल्या २०० जिल्ह्यांत तो लागू झाला. त्यात महाराष्ट्राचे १२ जिल्हे होते आणि धुळे व नंदुरबार हे दोन्ही त्यांत होते. केंद्राच्या त्या कायद्यातील हमी वर्षाला कुटुंबामागे १०० दिवसांची होती. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची अशी मर्यादा नव्हती.

कोणतीही नवी योजना तपासायला पागे यांच्या आयुष्यातून तीन प्रश्न मिळतात. कोणी निवडले नाही तरी गरजू माणूस ती मागू शकतो का? तिचा पैसा कुणाच्या खिशातून येणार हे आधी ठरले आहे का? आणि मिळाली नाही तर तो सरकारला जाब विचारू शकतो का? सरसकट रोखीची कल्पना पहिल्या प्रश्नात उत्तीर्ण होते. दुसऱ्या प्रश्नावर ती अडखळते आणि तिसऱ्यासाठी कायदा लागतो. हमीची योजना तिन्हींत उत्तीर्ण होऊनही अंमलबजावणीत मार खाल्ली. म्हणून जळगाव-धुळ्याच्या सॅलरी स्लिपवरचे ते २०० रुपये कुणासाठी जातात, हे ज्याने ते भरले त्यानेही विचारायला हरकत नाही.